इंजिनातील दारे धरणारा दांडा

पाटाचे पाणी उसाला द्यायचे असले म्हणजे एक गडी पाटावर नजर ठेवतो आणि दुसरा दारे धरतो. एक वाफा भरला की तिथले दार बंद करायचे आणि पुढचे मोडायचे, एवढेच त्याचे काम. पण त्याला डुलकी लागली तर भरलेला वाफा फुटतो आणि पुढचा कोरडा राहतो. मोटारीच्या इंजिनातही असाच एक दारे धरणारा आहे. तो झोपत नाही. परंतु त्याला बसवायचा कुठे, खाली की वर, एकटा की जोडीने, यावर मोटारी बांधणाऱ्यांचे शंभर वर्षांत एकमत झाले नाही. याचे नाव कॅमशाफ्ट. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आधी ओळख करून घेऊ. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होत असतो. पहिल्यांदा तो खाली येतो तेव्हा पेट्रोलची वाफ आणि हवा आत ओढतो. वर जातो तेव्हा ती दाबतो. मग ठिणगी पडते, भडका होतो आणि दट्ट्या जोराने खाली लोटला जातो. खरे काम होते ते याच वेळी. चौथ्या खेपेला वर जाताना तो जळलेला धूर बाहेर ढकलतो. म्हणजे एक झडप हवा आत घ्यायला हवी आणि एक धूर बाहेर सोडायला. या झडपा घट्ट स्प्रिंगने मिटलेल्या असतात. कॅमशाफ्ट हा एक फिरणारा दांडा; त्यावर जागोजाग अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा आला की झडप उघडते, तो सरकला की स्प्रिंग तिला मिटवते. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा हा दांडा एकदा फिरतो.

ऐकायला सोपे वाटते, पण वेगाचा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. एका खेपेला ती उघडी राहते ती साधारण सेकंदाचा ऐंशीवा भाग. शाळेत गुरुजींना हे करून दाखवता येईल. पुठ्ठ्याचे अंड्याएवढे चाक कापावे, ते पेन्सिलीवर घट्ट बसवावे आणि वर लाकडी पट्टीचे एक टोक टेकवावे. पेन्सिल हळू फिरवली की पट्टी शहाण्यासारखी वरखाली होते. झपाट्याने फिरवली की ती उडते, पुठ्ठ्याला टेकून राहातच नाही. इंजिनात नेमके हेच होते. वेग वाढला की जड झडप स्प्रिंगला आवरत नाही, मिटायच्या वेळी ती अधांतरी राहते, आणि कधी दट्ट्यावर आपटून वाकते. झडपांच्या रचनेचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो असे म्हटले तरी चालेल. दुसरी अडचण आहे वाटेची, म्हणजे हवा सरळ आत येते की वळणे घेत येते.

चार टप्प्यांचे इंजिन जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली चालवून दाखवले. ते एका जागी बसवायचे, संथ चालीचे यंत्र होते. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या जोडीने १८८५ च्या सुमारास हलके व जलद इंजिन केले. त्यात धुराची झडप यंत्राने उघडत असे, पण हवेच्या झडपेला कोणी हात लावत नसे. दट्ट्या खाली जाताना जी ओढ लागते तिनेच ती उघडायची. मागे नाजूकशी स्प्रिंग, की झाले. युक्ती स्वस्त होती, पण वेग वाढला की झडप गोंधळायची आणि सिलिंडर अर्धपोटी राहायचा. मायबाखनेच १९०१ साली गाजलेल्या मर्सिडीझ गाडीत हवेच्या झडपाही कॅमने उघडायला लावल्या. सिलिंडरांच्या एका बाजूला हवेच्या झडपा आणि त्यांचा दांडा, दुसऱ्या बाजूला धुराच्या झडपा आणि त्यांचा दांडा, अशी ती दुतर्फा मांडणी होती.

मग काटकसर सुचली. दोन्ही झडपा एकाच बाजूला घेतल्या तर एक दांडा वाचतो. हिला साइड व्हॉल्व्ह रचना म्हणतात. झडपा सिलिंडरच्या कडेला, तोंड वर करून उभ्या. दांडा त्यांच्या अगदी पायाशी. मध्ये लांब काठ्या नाहीत, डोक्यावर काही नाही. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक निघालेली फोर्डची टी मॉडेल गाडी याच जातीची होती. इंजिन २.९ लिटरचे, चार सिलिंडर, ताकद अवघी वीस घोड्यांची. पण तिचे हेड, म्हणजे सिलिंडरावरचे झाकण, बोल्ट काढून उचलता येई. अमेरिकेतला शेतकरी काजळी स्वतः खरवडून काढी आणि झडपा घासून बसवी. झडप तुटलीच तर ती दट्ट्याच्या वाटेत येत नसे. त्या काळचे पोलाद आणि स्प्रिंगा पाहता हा लहान गुण नव्हता.

या रचनेचा दोष मात्र मुळातला होता. हवा खालून वर यायची, वळसा घेऊन आडवी सिलिंडरवर जायची, आणि धुराला पुन्हा तसाच वळसा. भडका व्हायची खोली चपटी नि लांबट, कडेच्या पडवीसारखी. त्यामुळे मिश्रण फार दाबता येत नसे. टी मॉडेलमध्ये ते जेमतेम चौपट दाबले जाई. त्यापुढे गेले की पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते. आपल्याकडे ड्रायव्हर लोक ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात, तेच.

झडपा हेडमध्ये, सिलिंडरच्या थेट माथ्यावर उलट्या टांगायच्या, ही कल्पना अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९०४ पासूनच विकायला काढली होती. दांडा खालीच ठेवायचा, त्याच्यापासून वरपर्यंत काठ्या न्यायच्या, त्यांना पुशरॉड म्हणतात, आणि माथ्यावर तराजूच्या दांडीसारखे रॉकर बसवायचे. काठीने रॉकरचे एक टोक उचलले की दुसरे टोक झडप दाबते. हवेची वाट सरळ झाली आणि खोली आटोपशीर झाली. पण सांधे वाढले, त्यांना तेल पाजावे लागे, खडखडाट होई, आणि कमअस्सल पोलादाची झडप तुटली तर ती सिलिंडरातच पडे. म्हणून पुष्कळ कारखानदार या वाटेने लगेच गेले नाहीत. त्यांना उगाच जुनाट म्हणण्यात अर्थ नाही.

आता एका शर्यतीकडे वळू. १९१२ साली फ्रान्सची ग्रां प्री शर्यत दिएप गावाजवळ झाली. दोन दिवस, मिळून सुमारे १५४० किलोमीटर. त्या काळी शर्यत जिंकायची म्हणजे इंजिन मोठे करायचे, हा सरळ हिशेब होता. इटलीच्या फियाटचे इंजिन १४ लिटरहून मोठे होते. प्यूजो कंपनीने आणले साडेसात लिटरच्या आसपासचे, म्हणजे जवळजवळ निम्मे. या गाडीमागे होते झ्यूल गू, जॉर्ज ब्वालो आणि पाओलो झुकारेल्ली हे तीन शर्यतपटू, आणि एर्नेस्ट आंरी नावाचा तरुण स्विस आरेखक. कारखान्यातले पदवीधर इंजिनियर या टोळक्याला ‘भोंदू’ म्हणून हिणवत असत असे सांगतात. या भोंदूंनी काय केले? दांडा खालून उचलून सरळ हेडवर नेला. एक नव्हे, दोन दांडे. एक हवेच्या झडपांसाठी, एक धुराच्या झडपांसाठी. लांब काठ्या गेल्या. दर सिलिंडरला दोनऐवजी चार झडपा दिल्या. एका मोठ्या झडपेपेक्षा दोन लहान झडपा हलक्या असतात, स्प्रिंगला आवरतात, आणि मिळून वाट जास्त मोकळी करतात. ठिणगीची जागा बरोबर मधोमध आली. ब्वालोने शर्यत जिंकली आणि भली थोरली फियाट दुसरी आली. पुढच्याच वर्षी गू अमेरिकेत गेला आणि त्याने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली.

त्यानंतर महायुद्ध आले. ब्वालो वैमानिक झाला आणि १९१६ साली आकाशातल्या लढाईत पडला. झुकारेल्ली त्याआधीच, १९१३ साली, गाडीची चाचणी घेताना अपघातात गेला होता. पण अमेरिकेत गेलेल्या प्यूजो गाड्यांपैकी एकीचे मोडलेले इंजिन कॅलिफोर्नियात हॅरी मिलर याच्या कारखान्यात दुरुस्तीला आले. दुरुस्ती करणारे डोळे उघडे ठेवून काम करत होते. तिथल्या फ्रेड ऑफेनहाउझर या कारागिराच्या नावाने पुढे त्याच घराण्याचे इंजिन निघाले, आणि ऑफेनहाउझर इंजिनाच्या गाडीने इंडियानापोलिस शेवटची जिंकली ती १९७६ साली. एका दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेली ही परंपरा साठ वर्षे चालली.

मग प्रश्न असा की १९१२ साली सापडलेली ही उत्तम रचना साध्या माणसाच्या गाडीत यायला सत्तर वर्षे का लागली? कारखानदार मूर्ख होते काय? माझ्या मते नव्हते. दांडा वर नेला की त्याला फिरवायला खालपासून वर दात्यांची चाके किंवा लांब साखळी लागते. ती ताणते, वाजते. हेड उचलायचे म्हटले की सगळे जुळवलेले गणित मोडते आणि परत जुळवावे लागते. शर्यतीच्या गाडीला चार मेकॅनिक असतात. खेड्यातल्या डॉक्टरच्या गाडीला कोण? शिवाय त्या काळचे पेट्रोलच इतके हलके होते की मिश्रण जास्त दाबायची सोय नव्हती. मग उत्तम खोलीचा फायदा तरी किती घेणार?

झडपांचा खडखडाटच नको म्हणणारा एक गृहस्थ याच काळात होऊन गेला, त्याच्याविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चार्ल्स येल नाइट हा शिकागोचा. धंदा कसला, तर दूधदुभत्याच्या व्यवसायाचे एक पत्र चालवण्याचा! गाडीतल्या झडपांचा आवाज त्याला असह्य झाला. त्याने झडपाच काढून टाकल्या. सिलिंडरमध्ये एकात एक अशा दोन नळ्या वरखाली सरकवायच्या, नळ्यांना खिडक्या, आणि खिडकीसमोर खिडकी आली की वाट मोकळी. इंग्लंडच्या डेमलर कंपनीने १९०८ साली ही स्लीव्ह व्हॉल्व्ह रचना उचलली. १९०९ साली तिथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने ही इंजिने पाच दिवसांहून अधिक काळ अखंड चालवून पाहिली आणि मानाची ड्यूअर ट्रॉफी दिली. गाडी इतकी शांत चाले की राजेरजवाड्यांना तिची भुरळ पडली. पण दोन नळ्यांना तेल भरपूर लागे आणि ते जळून मागे निळा धूर निघे. १९३० नंतरच्या दशकात मोटारींतून ही रचना मागे पडली. विमानांत मात्र तिने नाव काढले. ब्रिस्टल कंपनीने एकच नळी वापरून सेंटॉरस हे अठरा सिलिंडरांचे इंजिन केले. टेंपेस्ट विमानात ते होते, आणि १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत आपल्या हवाई दलाने तीच विमाने वापरली.

इकडे साइड व्हॉल्व्हला जीवदान मिळाले ते इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांच्यामुळे. १९१९ च्या सुमारास त्यांनी हेडच्या आतल्या बाजूचा आकार असा बदलला की दट्ट्या वर आला म्हणजे मिश्रण चेपून झडपांच्या बाजूला घुसळत जावे. घुसळलेले मिश्रण लवकर आणि सारखे जळते. इंजिन तेच, झाकण निराळे, आणि ताकद वाढली. फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजिन काढले तेही साइड व्हॉल्व्हच होते. त्यात धुराची वाट सिलिंडरांच्या ठोकळ्यातूनच जाई, म्हणून ते तापण्याबद्दल बदनाम होते. तरी ते अमेरिकेत १९५३ पर्यंत चालले.

या रचनेचा जोर कमी केला तो इंधनाने. १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे औषध मिसळून विकू लागले. त्याने अवेळी पेटणे थांबले आणि मिश्रण सहापट, सातपट, आठपट दाबता येऊ लागले. तेवढा दाब पडवीसारख्या खोलीत बसेना. झडपा वर न्याव्याच लागल्या. शिसे विषारी आहे हे कामगारांच्या मृत्यूंवरून लवकरच दिसले होते, तरी ते वापरात राहिले. आपल्या देशात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. म्हणजे झडपांची जागा एकट्या आरेखकाने ठरवली नाही. पंपावर मिळणाऱ्या तेलानेही ठरवली.

आपल्या रस्त्यांवर हा इतिहास फार उशिरा, पण डोळ्यांदेखत घडला. युद्धकाळातल्या विलीस जीपचे इंजिन साइड व्हॉल्व्ह होते, सव्वादोन लिटरचे नि साठ घोड्यांचे. तिची पुढची आवृत्ती सीजे-३बी ही १९५३ ची. महिंद्र कंपनीने ती हिंदुस्थानात वर्षानुवर्षे बांधली. ब्लॉकच्या कचेरीपुढे, निवडणुकीच्या सभेला, साखर कारखान्याच्या आवारात जी उंच बॉनेटची जीप उभी असे, ती हीच. बॉनेट उंच का, याचे उत्तर झडपांतच आहे. तिच्या इंजिनात हवेची झडप वर हेडमध्ये आणि धुराची झडप खाली कडेला, अशी तडजोड केलेली होती. इंजिन उंच झाले, म्हणून झाकणही उंच करावे लागले. अशी अर्धी वर अर्धी खाली रचना म्हणजे धेडगुजरी कारभार, असे कोणी म्हणेल. पण जुन्याच ठोकळ्यावर, फार खर्च न करता, हवेची वाट मोकळी झाली. जीप चढ चढत होती, यापलीकडे खेड्याला काय हवे होते?

अँबॅसडर गाडीची गोष्ट तर याहून बोलकी. १९५७ साली ती निघाली तेव्हा तिच्यात १४७६ सी.सी.चे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते. १९५९ मध्ये १४८९ सी.सी.चे पुशरॉडचे इंजिन आले आणि त्याच्यावर गाडीने तीन दशके काढली. १९९२ मध्ये जपानच्या इसुझूचे, दांडा हेडवर असलेले इंजिन तिच्यात बसले. अंगावरचा कोट जवळपास तोच आणि आत दारे धरण्याची रचना दोनदा बदलते! २०१४ साली हे उत्पादन थांबले. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीने फियाट ११००, पुढची पद्मिनी, बांधली. तीही पुशरॉडचीच. टॅपेटची फट पात्याने मोजून पाना फिरवायचा, हे काम मुंबईचा टॅक्सीवाला रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या करून घेई. नोंदणीतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी.

दांडा स्वस्तात वर नेण्याची गुरुकिल्ली मिळाली ती साध्या रबरी पट्ट्यात. जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ साली दातेरी पट्ट्याने वरचा कॅमशाफ्ट फिरवून दाखवला. पट्टा आवाज करत नाही, त्याला तेल लागत नाही, आणि तो साखळीपेक्षा स्वस्त. १९८३ च्या डिसेंबरात गुरगावहून निघालेल्या मारुती ८०० मध्ये हाच प्रकार होता. तीन सिलिंडर, ७९६ सी.सी., हेडवर एक दांडा आणि दातेरी पट्टा. पट्टा मुदतीत बदलावा लागतो एवढे मात्र खरे. न बदलता तो वाटेत तुटला तर काही इंजिनांत झडपा दट्ट्यावर आपटून सगळ्या वाकतात. मग स्वस्त पट्टा महाग पडतो.

जपानी कारखान्यांनी याच दशकात १९१२ ची ती रचना, दोन दांडे आणि चार झडपा, नेहमीच्या वापराच्या गाड्यांत सरसकट आणली. १९८९ साली होंडाने आणखी एक गाठ सोडवली. अंड्याचा आकार एकदा घडवला की घडवला. तो संथ चालीला सोयीचा केला तर वेगात इंजिन उपाशी राहते, वेगासाठी केला तर संथ चालीत धडधडते. होंडाने एकाच दांड्यावर दोन तऱ्हांचे उंचवटे दिले आणि तेलाच्या दाबाने खिळी सरकवून वेग वाढला की एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय केली. आता हा प्रकार निरनिराळ्या रूपांत बहुतेक कारखान्यांकडे आहे.

यावरून पुशरॉड मोडीत निघाला असे वाटेल. तसे नाही. अमेरिकेत शेव्रोलेची कॉर्व्हेट ही शर्यतीच्या थाटाची गाडी आहे. २०२० च्या कॉर्व्हेटमध्ये ६.२ लिटरचे, एकाच खालच्या दांड्याचे पुशरॉड इंजिन आहे, ताकद सुमारे ४९० घोडे. त्याच गाडीच्या २०२३ च्या झेड०६ आवृत्तीत ५.५ लिटरचे, वर चार दांडे असलेले इंजिन आहे. आठ सिलिंडर दोन फळ्यांत असल्याने प्रत्येक फळीला दोन, म्हणून चार. त्याची ताकद ६७० घोडे, कारण ते मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत पळते. लहान इंजिन जास्त ताकदीचे, हे दिएपचेच उत्तर. पण पुशरॉडचे इंजिन बुटके आणि अरुंद असते, भाग कमी, किंमत कमी, आणि संथ चालीत ओढ भरपूर. एकाच कारखान्याने दोन्ही ठेवली आहेत.

आणि विहिरीवरचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन? त्याला वेग नकोच असतो, चिवटपणा हवा असतो. म्हणून दांडा खाली, काठ्या आणि रॉकर, ही जुनी चाल तिथे टिकून आहे. हँडल मारताना आपण जो लहानसा खटका आधी वर करतो, तो झडपेला जरा उघडी धरतो. आत दाब होत नाही, म्हणून एकट्या माणसाला चाक फिरवता येते. चाकाने गती घेतली की खटका सोडायचा; झडप मिटते, दाब होतो आणि इंजिन धडाडते.